पित्ताशय हजर

जबाब देणार: वॉर्डात सगळे 'पाहुणा' म्हणतात तो मी (खरं नाव पोलीस जमादारसाहेबांनी वेगळ्या कागदावर घेतलं आहे). वय बावीस. धंदा एक असा नाही, सध्या ट्रकवर क्लीनर. शाळा नववीत सुटली. राहणार: पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे सध्या मोठ्या दवाखान्याच्या पुरुष वॉर्डात.

समक्ष हजर राहून सांगतो की, माझ्या शेजारच्या खाटेवर पित्ताशयवाले काका आणि त्यांच्यापलीकडे खिडकीशी एक रंगारी. रंगारी शिडीवरून पडला, त्याचा जबडा तारांनी बांधलेला, म्हणून बोलता येत नाही. श्वास अडकला तर तारा कापायला उशाशी पकड टांगलेली असते.

आमच्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर एकच, तिला आम्ही ताई म्हणतो. ती परवा सकाळी ड्युटीवर आली ती काल दुपारपर्यंत घरी गेली नव्हती. काल लिहिता लिहिता तिच्या पेनाची रेघ कागदावरून उतरून माझ्या चादरीवर आली, तेव्हा ती दचकून जागी झाली. मी म्हणालो, "ताई, प्लास्टरवर काढा, भरपूर जागा आहे." ती हसली. अशी सलग ड्युटी तिला नेहमीची. म्हणून तिनंच मागं सांगून ठेवलं होतं, "औषध देण्याआधी आपला आजार मोठ्यानं सांगत जा. माझ्या डोळ्यांवर विसंबू नका." तेव्हापासून शाळेतल्या हजेरीसारखं चालायचं. "हर्निया हजर." "पित्ताशय हजर."

काल जेवणं झाल्यावर पडदे फुगले होते, घमेल्यातल्या पाण्याचा उजेड छतावर हलत होता, आणि मला वाटत होतं, वॉर्ड हळूच किनारा सोडतोय. मी एकदा बोटीवर कामाला होतो, तिथला आचारी झोपेत गायचा. (जमादारसाहेब म्हणाले, आचारी राहू दे, मुद्द्यावर ये.)

ताई औषध भरून आली. काका घोरत होते. ती त्यांच्या आणि रंगाऱ्याच्या खाटांच्या मधे थांबली आणि अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "पित्ताशय?" रंगाऱ्यानं "हं" केलं. तो सगळ्यालाच "हं" करायचा, दुसरं करणार काय. काकांचं औषध त्याच्या सलाइनमध्ये गेलं. ते त्याला सोसत नाही, हे त्याच्या बायकोनं भरती करतानाच सांगितलं होतं.

त्याचा चेहरा सुजत गेला, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. ताईनं बाटली पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे यांचं नव्हतं. माझ्या हातून चुकलं." मग पकड घेऊन तिनं एकेक तार कापली, दुसरं इंजेक्शन दिलं, घशात नळी घातली. हात जराही हलला नाही. मला ते सगळं पाण्याखाली चाललंय असं दिसत होतं. रंगारी आता यंत्रावर आहे, अजून डोळे उघडले नाहीत.

त्याची बायको डबा घेऊन आली, तेव्हा ताई आपण होऊन तिच्यासमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. वहिनींनी डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही झोपला कधी होता?" ताईला आठवेना.

तक्रार वहिनींनी केलेली नाही, दवाखान्यानं केली आहे, की दोष एकट्या ताईचा. आज सकाळी मोठे डॉक्टर मला म्हणाले, "तू गुंगीच्या गोळ्यांवर होतास, तुला काय कळणार?" गुंगी होती, नाही कशाला म्हणू. पण वॉर्ड तरंगत होता ते गुंगीत. तारा कापल्या त्या खऱ्या.

जबाब वाचून दाखवला. ताई परवापासून घरी गेली नव्हती, हे त्यात नव्हतं. जमादारसाहेब म्हणाले, "ते पुढं तपासात येईल." मी म्हणालो, "मग माझी सहीपण तपासातच येऊ दे." तेव्हा ते वाक्य वर घातलं, आणि तेवढंच पुन्हा वाचून घेतलं. मी बोललो तसंच आहे. सही केली.