जुन्या दाराचं टेबल

आमच्याकडे टेबल कसं आलं, ते सांगते. लग्नानंतर मी एकदाच म्हटलं होतं, चहा ठेवायला टेबल पाहिजे. नवऱ्यानं लगेच घराला लोखंडी दार बसवलं आणि जुन्या सागवानी दाराचं भिंतीला घडीचं टेबल केलं. बिजागऱ्याही त्याच लावल्या.

मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, दिसत नाही. कोण आलं ते त्यांना दाराच्या कुरकुरीवरून कळायचं. नवं दार मुकं. आता कोणी जवळ आलं की ते दचकतात, "कोन होय?"

"बाबा, पाहा ना हात लावून, कसं झालं!" नवरा कौतुकानं म्हणाला.

"मंग कोनी आलं तं मले कसं समजन?" एवढंच ते बोलले.

काल मी टेबल हळूच उघडलं. बिजागरी कुरकुरली. मामाजी खाटेवर उठून बसले.

"आली का वं शांते?"

शांताबाई माझी नणंद, कुरखेड्याला दिलेली. दिवाळीपासून आलेली नाही. दार अस्संच हळू लोटायची म्हणे.

मी गुपचूप टेबल मिटलं. पुन्हा तोच आवाज.

"चालली का इतक्यात?" मामाजी म्हणाले. "चहा तं घेऊन जाय."