भरलेली समई सगळ्यांनी पाहिली होती

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभी आहे. अन्याय करणारा पापी, हे कळतं. सूड घेणारा पापी, हेही कळतं. पण त्या दोघांच्या मधे जो नुसता उभा राहतो – त्याचं काय?

ऐका. खाडीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातले दोघं-तिघं उठून जातील!

त्या गावात एलोजी तेली. धर्मानं इस्राएली, म्हणजे ज्यू. शनिवारी घाणा बंद, चूल बंद, देणंघेणं बंद. म्हणून गाव त्याला शनवार तेली म्हणे. पण देवळातल्या समईचं तेल पिढ्यान् पिढ्या त्याच्याच घरचं! शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत एलोजी पायरीवर तेल ठेवी आणि गुरव समई काठोकाठ भरी. आपला देव, त्यांचं तेल – कुणाचं काही अडलं होतं का? नाही!

अडलं खोताचं. अच्युतराव खोताला एलोजीची माडांची वाडी हवी होती. त्यानं गुरवाला गाठलं. "शुक्रवारची आरती झाली की समई ओतून टाक. अर्धी वाडी तुझी."

शनिवारी सकाळी देवापुढं अंधार! खोत गाव घेऊन एलोजीच्या दारात. "तेल काढ!"

"आज शनिवार, खोतसाहेब. काल दिलंय."

"ऐकलंत? देवाला नाही म्हणतोय!"

बघा कसा कावा! माणूस आपला नेम मोडणार नाही याची खात्री – आणि त्या खात्रीचाच फास! घाणा आणि वाडी देवस्थानाकडे जमा. देवस्थानाचा कारभारी कोण? विचारता काय!

भरलेली समई गुरवच ओतू शकतो, आणि तीही वाडीच्या वाट्यासाठीच, हे एलोजीनं ओळखलं. सूर्य बुडाला, शनिवार सरला, तसा उठून खोताकडे गेला. म्हणाला, "मी गेलो कामातून. पण तुम्ही जपा. तो गुरव सगळी वाडी मागतोय. नाही दिलीत तर तोंड उघडणार आहे."

खोटं, मंडळी! शुद्ध रचलेलं! लांडग्यांनी एकमेकांना फाडावं म्हणून.

हसत घरी आला. दारात मुलगी, सारूबाई.

"बाबा, कुठं होतात? गुरवकाका येऊन गेले. रडत होते हो. म्हणाले, उद्या चावडीवर सगळं खरं सांगतो."

एलोजी उलट पावली धावला. तोवर खोताची माणसं गुरवाला घेऊन खाडीवर गेली होती. सकाळी भरतीनं त्याला परत आणलं. खोत म्हणाला, पाय घसरला. गाव म्हणालं, हो, घसरला असेल.

सारूबाईनं बापाला एकच विचारलं. "एक रात्र थांबायला काय झालं होतं, बाबा?" मुलीनं बापाला असं विचारणं सोपं नसतं.  

मग ती एकटी चावडीवर गेली. "गुरव गेला. पण शुक्रवारी आरतीला तुम्ही सगळे होता! समई भरलेली तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत. एकानं सांगा."

कुणी उपरणं सारखं केलं. कुणी मुलाचं नाक पुसलं. एक आजी म्हणाली, "मला मेलीला संध्याकाळचं दिसतच नाही." ती आजी रात्री सुईत दोरा ओवायची हो!

दुसऱ्या दिवशी बाप-लेक होडीत बसून गेले.

माझे वडील होते तोवर हे आख्यान इथं संपवत. मला ते संपवता येत नाहीये. खोत तुमच्यात नाही, एलोजी नाही. पण ती चावडी? ती पूर्ण भरलेली दिसतेय मला इथून. नाक्यावरचं युसूफभाईंचं सायकलचं दुकान श्रावणापासून बंद आहे. मुलीच्या लग्नासाठी गेलेत म्हणे! कुलूप कुणी घालायला लावलं, ते या मांडवात ज्याला ठाऊक नाही, त्यानं हात वर करावा.

नाही ना एकही?

मग टाळ खाली ठेवा. आरती थांबेल. आधी सांगा – उद्या युसूफभाईंच्या घरी माझ्याबरोबर कोण येतंय?