गनवरची टोपी

धुळ्याच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोन म्हातारे वेल्डर बोलत होते.

"उखर्डूभाऊ, पिशवीत काय शे?"

"आपल्या जीवरामची वेल्डिंगची गन. तो गेल्यावर त्याची पोरगी पुनम चालवते. देवळाचा मांडव उघड्यावर जोडताना वाऱ्यानं गॅस उडून जायचा, म्हणून तिनं बिनगॅसची तार लावली आणि गॅसचं नोझल काढून ठेवलं."

"मग पुढचे आटे उघडेच राहिले."

"ठिणग्या चिकटल्या. बापाची वस्तू बिघडली म्हणून पोरगी रडली. मी आटे घासून दिले. आता नोझलच्या जागी ही लोखंडी टोपी बसवली की झाकलेले राहतील."

"ही तर जीवरामचीच. कीर्तनात बोटात घालून ठेका धरायचा."

"त्याच्या शेवटच्या कीर्तनात माझ्यापाशी राहिली. तेव्हापासून मीच तिनं ठेका धरतो."

"मग उद्याच्या कीर्तनात?"

"टाळ्या वाजवीन."