आधी हात रिकामे करा

तुम्हाला म्हणून सांगते. वाघोलीच्या ट्रक यार्डात ड्रायव्हरना सुरक्षा शिकवते मी. त्या दिवशी पाळणाघर बंद, म्हणून लेक कडेवर होती.

शिंदेकाकांनी दुखऱ्या गुडघ्यानिशी केबिनमधून थेट खाली उडी मारली.

"काका, तोंड केबिनकडे करून, दोन्ही हातांनी धरून उतरायचं. कितीदा सांगू?"

"मॅडम, एका हातात डबा, दुसऱ्यात कागदं. धरू कशानं, दातानं?"

"डबा सीटवर ठेवायचा, उतरल्यावर घ्यायचा. थांबा, दाखवते."

दाखवायच्या भरात लेकीसकट चढले. उतरताना पाय सटकला, काकांनी खालून दंड धरला.

"मॅडम, आधी डबा द्या इकडं," म्हणत त्यांनी लेक घेतली.

तेव्हापासून आमच्या फलकावर 'आधी हात रिकामे करा' असं लिहिलंय. माझे कधी होतात, बघू.