दालनाची मधली जागा

(संग्रहालयाची कार्यशाळा. नवरा-बायको दोघेही इथेच प्रतिकृती बनवतात. उद्या खगोलाचं नवं दालन उघडणार आहे.)

नवरा : मधली जागा तुला, आणि मी जिन्याखाली. झाडू-बादल्यांच्या शेजारी.

बायको : मी मागितली नव्हती. हा घन उचलून धर. बाहेरून शनीचा गोल चढवायचाय.

नवरा : मागायला कशाला लागतंय! प्रमुख बाई आल्या, तुझ्या टेबलाभोवती फेऱ्या मारल्या, ‘वा, काय नजाकत!’ माझ्या यंत्राची मूठ एकदाच फिरवली. तीही उलटी.

बायको : हसवू नकोस. हात हलतो माझा.

नवरा : मोठ्या चाकावर छोटं चाक, छोट्यावर मंगळ. मूठ फिरवली की मंगळ पुढे जातो, थबकतो, मागे येतो, परत पुढे. आकाशात दिसतो अगदी तस्सा. आणि तुझं? गोलात ठोकळा, ठोकळ्यात गोल, त्यात परत ठोकळा. नुसता कांदा!

बायको : जुन्या काळी एकाला वाटलं होतं, ग्रहांमधली अंतरं घनासारख्या या पाच आकृत्यांनीच ठरतात.

नवरा : चुकीचं वाटलं होतं.

बायको : तुझ्या यंत्रात मधोमध पृथ्वी आहे. तू कुठला बरोबर?

नवरा : चुकलोय, पण फिरतोय तरी!

बायको : नीट धर. आत बाकीच्या चारही आकृत्या आहेत, निसटला तर सगळ्याचा चेंदामेंदा होईल.

नवरा : धरलाय.

बायको : बाई सकाळी माझ्याशी बोलल्या. सांधे जोडणारा डाख कच्चा आहे असं कानावर आलंय म्हणाल्या. दालनात लहान मुलं येणार, अंगावर पडलं म्हणजे? तेव्हा तूर्तास मधे तुझं यंत्र ठेवावं.

नवरा : ...कोणी सांगितलं त्यांना?

बायको : नाव नाही घेतलं. पण ‘डाख कच्चा’ असं या इमारतीत दोघंच म्हणतात. त्यातली एक मी.

नवरा : मग तू काय केलंस?

बायको : रिकामा घन त्यांच्यासमोर फरशीवर टाकला. कमरेइतक्या उंचीवरून.

नवरा : टाकलास? इतक्या दिवसांचं काम?

बायको : टाकला. एक सांधा सुटला नाही.

नवरा : मग शिव्या घाल ना मला!

बायको : दोन्ही हात गुंतलेत.

नवरा : तू नवीन आलीस तेव्हा तुला डाख लावायला मीच शिकवलं.

बायको : म्हणून तर सुटला नाही.

नवरा : असं बोलू नकोस. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

बायको : एकच सांग. तुला खरंच कच्चा वाटला होता?

नवरा : नाही. परवा तू जेवायला गेलीस तेव्हा खिडकीशी नेऊन पाहिलं. एकेक सांधा. म्हटलं, एखादी तरी खोट सापडेल. नाही सापडली. तरी बघतच बसलो.

बायको : कळलं होतं मला. तू दोन दिवस माझ्या टेबलाकडे पाठ करून बसलायस.

नवरा : बाईंकडे जातो आणि खोटं बोललो म्हणून सांगतो.

बायको : जा. हा शेवटचा स्क्रू. बसला शनी. सोड आता.

नवरा : थांब. जरा वेळ धरू दे.