सुभेदारांचा जेवणाचा नियम

ड्युटीवर मी एकदाच खोटं बोलले बाई, आन ते लगेच अंगाशी आलं. माजी सैनिकांच्या वृद्धाश्रमात मी इन्चार्ज सिस्टर. आमच्याकडं शिरूर अनंतपाळचे एक म्हातारे सुभेदार आहेत, आन शेजारच्या खाटेवर त्यांच्याच पलटणीतले हवालदार. त्या दुपारी त्यांना इन्सुलिन दिलं, समोर ताट ठेवलं, तर हात लावेनात.

"हवालदार कुठंय?"

"लातूरला नेलंय, एक्स-रे काढायला. येतेत तासाभरात."

"मग मी बी तासाभरानं. माझी माणसं जेवल्याबिगर मी कधी जेवलो न्हाई."

इन्सुलिन घेऊन उपाशी बसलं की माणूस चक्कर येऊन पडतो, हे सांगून ड्युटीवरच्या दोघी सिस्टर थकल्या. सुभेदारांची साखर उतरायला लागली, तेव्हा मीच गेले.

"सुभेदार, इथं इन्चार्ज कोण?"

"तुम्ही."

"म्हणजे तुम्ही माझी माणसं. तुम्ही जेवल्याबिगर मी कशी जेवू? सकाळपासून माझ्या पोटात काही न्हाई."

खरं तर अर्ध्या तासापूर्वीच मी डबा चाटूनपुसून खाल्ला होता. पण सुभेदारांनी ताट पुढं ओढलं आन जेवले. मग उठले, स्वतःच्या हातानं दोन भाकरी, वांग्याची भाजी आन ढीगभर भात वाढून ताट माझ्यापुढं ठेवलं. खुर्ची ओढून समोर बसले.

"आता तुमचा नंबर. ताट रिकामं झाल्याबिगर मी हलत न्हाई."

खाल्लं सगळं. काय करता? तवापासून सुभेदार रोज माझं ताट वाढून बसतेत, म्हणून मी घरून डबा नेत न्हाई.