आभाराचं पत्र, अकरा सह्यांसह

अधिकारी : नाही काका, आधी बसा. उभ्याउभ्या ऐकायची गोष्ट नाही ही.

कुलूपवाला : मॅडम, आज तर हजेरीचा सोमवारही नाही. तुमचा निरोप आला तेव्हा वाटलं, प्रोबेशनचे अकराच दिवस राहिलेत, तर तुम्ही आधीच मोकळं करताय की काय मला.

ताई : मोकळं करतायत! छोट्या, खाली बस. खुर्ची आहे ती, कुलूप नाही. निरखत काय बसलायस?

कुलूपवाला : एक स्क्रू ढिला आहे तिचा.

ताई : तिचा नाही, तुझा.

अधिकारी : मावशी, तुम्ही यांना जामीन आहात म्हणून तुम्हालाही बोलावलंय. परवा आमच्याकडे एक पत्र आलं. तुमच्या इमारतीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात ना?

कुलूपवाला : वरच्या मजल्यावरच्या बाई? त्यांचं पत्र?

अधिकारी : त्यांचंच. विषय, 'आपल्या देखरेखीखालील सद्गृहस्थाचे आभार'. खाली अकरा जणांच्या सह्या.

ताई : अगंबाई! सद्गृहस्थ! मग मॅडम, तुमचा चेहरा असा का?

अधिकारी : वाचते, ऐका. 'बुधवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या बाथरूममध्ये अडकले. दाराचे कुलूप फिरेना. या गृहस्थांनी केसांत लावायच्या साध्या आकड्याने ते उघडले.'

कुलूपवाला : आकडा त्यांचाच होता. दाराखालून सरकवला त्यांनी मला. हुशार बाई आहेत.

अधिकारी : काका, अट क्रमांक चार काय आहे?

कुलूपवाला : 'स्वतःच्या घराचं सोडून कुठलंही कुलूप वर्षभर उघडायचं नाही.' किल्ल्या घासायच्या, कुलपं विकायची, पण उघडायचं नाही. पाठ आहे मला.

ताई : पाढेही पाठ होते, तरी गणितात नापास. लहानपणापासून हे असंच.

कुलूपवाला : ताई, बाईंना रक्तदाब आहे. आत खिडकी नाही. आवाज बारीक होत चालला होता त्यांचा. अग्निशमनवाले म्हणाले, अर्धा तास तरी लागेल. आणि मॅडम, मी तुम्हाला फोन केला होता. तीनदा.

अधिकारी : इथे? बुधवारी, बारा-सव्वाबाराला?

कुलूपवाला : वाजत राहिला नुसता.

अधिकारी : आम्ही सगळे एकदमच जेवायला गेलो होतो.

ताई : आता?

अधिकारी : आता काय! तातडीच्या वेळी फोन करून परवानगी घ्यायची, असं अटींतच लिहिलंय. यांनी फोन केला, आम्ही उचलला नाही. तसंच अहवालात लिहीन.

ताई : स्वतःच्याच विरुद्ध?

अधिकारी : घडलं ते घडलं. एवढंच असेल तर कोर्ट समज देऊन सोडून देईल.

ताई : झालं तर मग! ऊठ रे. उगाच दोन बस बदलून आणलं मला.

अधिकारी : मावशी, पत्र दोन पानी आहे.

ताई : दुसऱ्या पानावर काय?

अधिकारी : 'त्यानंतर माझ्या आग्रहावरून त्यांनी माझ्या दिवंगत यजमानांची ट्रंक उघडली. तिची किल्ली नऊ वर्षांपूर्वी हरवली होती. मग तळमजल्यावरची माझी टपालपेटीही उघडून दिली. अशा कसबी माणसाला अटींत जखडून ठेवणे हे समाजाचे नुकसान आहे.'

ताई : ट्रंक? नऊ वर्षं बंद असलेली ट्रंक? तिचाही रक्तदाब वाढला होता का रे?

कुलूपवाला : कोट निघाला आत. बाई किती वेळ तो मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

ताई : बसू देत. तू आता कुठे बसणार आहेस ते बघ! मॅडम, बाई म्हाताऱ्या आहेत, भल्यासाठी लिहिलंय त्यांनी. हे पत्र आलंच नाही असं समजा. मी रुग्णालयात तीस वर्षं नोकरी केलीय. कागद कसे गहाळ होतात ते मला चांगलं माहितीये.

अधिकारी : आमचा आवक शिक्का बसलाय त्याच्यावर. आणि सर्वांत खाली काय आहे वाचा.

ताई : 'प्रत माहितीसाठी, माननीय न्यायाधीश.' अरे देवा! हिला आतच राहू द्यायला हवं होतं.

कुलूपवाला : ताई!

ताई : दाराखालून पाणी दिलं असतं अर्धा तास.

अधिकारी : आता नीट ऐका. मी अहवाल देणार, कोर्ट तुम्हाला बोलावणार. न्यायाधीश तीनपैकी एक गोष्ट करू शकतात. समज देऊन सोडतील, प्रोबेशनची मुदत वाढवतील, नाहीतर प्रोबेशन रद्द करून मूळची शिक्षा भोगायला लावतील.

ताई : म्हणजे चार महिने तुरुंग.

अधिकारी : हो. म्हणून ट्रंक का उघडली, हे फार महत्त्वाचं आहे. पत्रात 'माझ्या आग्रहावरून' आहे. वयस्कर बाई, नुकत्याच बाथरूममधून सुटलेल्या, हट्टाला पेटलेल्या, तुम्हाला नाही म्हणवेना. असं असेल तर कोर्ट सौम्यपणे घेईल. तसंच झालं ना?

ताई : तसंच झालं. लिहा.

अधिकारी : मी काकांना विचारतेय.

ताई : तो हो म्हणतोय. मान हलवायला वेळ लागतो त्याला.

कुलूपवाला : तुम्ही खरंच लिहिणार मॅडम? जेवायला गेला होतात ते?

अधिकारी : लिहिणार.

कुलूपवाला : तुमच्या साहेबांना आवडेल?

अधिकारी : मुळीच नाही. विषय बदलू नका.

कुलूपवाला : मग माझंही लिहून घ्या. आग्रह नव्हता.

ताई : छोट्या, होता! शिकलेली बाई खोटं लिहील का?

कुलूपवाला : लिहिलं त्यांनी, माझ्यासाठी. बाहेर आल्या, पाणी पीत बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मीच विचारलं, 'बाई, आणखी काही बंद आहे का घरात?'

अधिकारी : का विचारलंत?

कुलूपवाला : कसं सांगू! किल्ली घासणं म्हणजे दुसऱ्याच्या वहीतलं उतरवून काढणं. साडेअकरा महिने तेच करतोय. कुलपाच्या आत बारीक खुंट्या असतात. दिसत नाहीत, पण बोटांना कळतात. कुठली अडतेय, कुठली सुटली. रोज भीती वाटायची, बोटं विसरली तर? बाथरूमचं कुलूप अगदीच बाळबोध होतं, त्यानं काही कळेना. ट्रंकेचं जुनं, दणकट. ते उघडलं आणि मग जिन्यातून उतरताना टपालपेटी दिसली.

ताई : नशीब, खाली बँक नाही.

अधिकारी : मावशी, थांबा जरा. काका, हे मी असंच लिहिलं तर आग्रहाचा आधार गेला तुमचा.

कुलूपवाला : गेल्या वेळीही हेच झालं होतं मॅडम.

अधिकारी : म्हणजे?

कुलूपवाला : तो माणूस आला, म्हणाला, माझं घर आहे, किल्ली हरवली. मी उघडून दिलं, त्यानं घर धुऊन नेलं. कोर्टात मी सांगितलं, त्याच्या घाईला भुललो. पण भुललो नव्हतो. त्या दाराला नव्या बनावटीचं कुलूप होतं. तसलं मी कधी हाताळलं नव्हतं. घर कुणाचं हे विचारलं असतं आणि तो अडखळला असता, तर ते कुलूप हातचं गेलं असतं. म्हणून विचारलं नाही. त्या घरातली बाई कामावरून परत आली तेव्हा घरात नळ आणि भिंती उरल्या होत्या.

ताई : हे मला कधी सांगितलं नाहीस.

कुलूपवाला : तू जामीन राहिली होतीस. कुठल्या तोंडानं सांगू?

अधिकारी : लिहू हे सगळं? चार महिने आहेत, काका. विचार करून सांगा.

कुलूपवाला : तुम्ही तुमच्या जेवणाचं लिहिताय. मी माझ्या खाजेचं लिहायला सांगतो. लिहा.

ताई : मॅडम, लवकर लिहून घ्या, नाहीतर मीच ह्या कागदावर पाणी सांडीन.

(नऊ दिवसांनी. कोर्टाबाहेरचा बाक. ताई आणि कुलूपवाला.)

ताई : सहा महिने वाढवले.

कुलूपवाला : हो.

ताई : आत नाही पाठवलं.

कुलूपवाला : नाही.

ताई : मला दहादा विचारावंसं वाटतंय. ऐकताना कानात नुसतं घों घों होत होतं. अटी काय म्हणाले पुन्हा?

कुलूपवाला : अट चार तशीच. हजेरी आठवड्यातून दोनदा. आणि त्या लुटलेल्या घरातल्या बाईंना मी सगळं खरं काय ते पत्र लिहून कळवायचं. मॅडमनी सुचवलं म्हणे ते.

ताई : दोन पानी लिहू नकोस म्हणजे झालं.

कुलूपवाला : एकच वाक्य सुचतंय. पुढचं लिहिता येईना.

ताई : येईल. आणि मॅडमचं काय? त्यांनाही उभं केलं ना?

कुलूपवाला : लेखी खुलासा मागितलाय. जेवायच्या वेळी फोनपाशी आता पाळीपाळीनं बसायचंय सगळ्यांनी. मला स्वतःचा मोबाइल नंबर दिलाय. केवढ्या मोठ्या अक्षरात बघ.

ताई : तुझा चष्मा पाहिलाय त्यांनी. मी परत सही केली बरं का जामिनाच्या कागदावर. पेन चालेना, तर तो कारकून म्हणतो, 'आजी, विचार बदलला का?' आजी म्हणाला मला!

कुलूपवाला : बदलला नाहीस?

ताई : पेन बदललं.

कुलूपवाला : ताई.

ताई : काय?

कुलूपवाला : भूक लागलीय गं.

ताई : ऐकू आलं नाही. परत बोल.

कुलूपवाला : भूक लागलीय म्हटलं. कडकडून.

ताई : वर्षभर ताटात पडेल ते मुकाट गिळत होतास. कमी-जास्त काही बोलला नाहीस.

कुलूपवाला : चव लागत नव्हती.

ताई : चल, ऊठ. काय खाणार?